विश्वासास पात्र

मराठीत ‘पात्र’ या शब्दाला जितके अर्थ येऊन मिळाले आहेत तितके फार थोड्या शब्दांच्या वाट्याला आले असतील. देवघरातले भांडे ते पात्र, वैनगंगा ज्यातून वाहते तेही पात्र, तोंडाला रंग लावून उभा राहिलेला नट ज्याचे सोंग घेतो तेही पात्र. आणि ज्याच्या हाती आपली ठेव, आपले गुपित किंवा आपल्या लेकराचे औषध निर्धास्तपणे सोपवावे तो माणूस ‘विश्वासास पात्र’. गेल्या साठ वर्षांत संगणकशास्त्राने जी बोलणारी पात्रे घडवली, कधी नुसत्या अक्षरांत उत्तर देणारी, कधी आवाजाने बोलणारी, कधी पडद्यावर चेहरा घेऊन मान डोलावणारी, त्यांचा सगळा प्रश्न या शब्दाच्या शेवटच्या दोन अर्थांमधल्या अंतरात साठलेला आहे. नाटकातल्या अर्थाने जे पात्र आहे ते योग्यतेच्या अर्थाने पात्र कसे व्हावे, आणि ते तसे झाले आहे की नाही हे ऐकणाऱ्याने कशावरून ओळखावे?

या प्रश्नाचा आढावा मी दिघोरीच्या अंगाने घेणार आहे. भंडारा जिल्ह्याच्या लाखांदूर तालुक्यातले हे गाव, आसपासच्या बोलण्यात दिघोरी मोठी, धानाच्या मुलखात वसलेले आहे. येथे शेताच्या तुकड्याला बांधी म्हणतात, बांधाला धुरा, लहान तळ्याला बोडी. पावसाच्या तोंडावर पऱ्हे, म्हणजे रोपे, टाकायचे, मग चिखलात रोवणी, दिवाळीच्या सुमारास कापणी, आणि पुढे पुंजणे, म्हणजे गंज्या, रचून चुरणे, हा वर्षाचा क्रम. अशा मुलखात माणसाला सल्ला लागतो तो वर्षातल्या मोजक्या दिवशी, आणि त्या दिवशी तो विलक्षण निकडीने लागतो: धानावर तुडतुडे दिसले, खोडकिड्याने गाभा वाळवला, आधारभूत खरेदी केंद्रावरील नोंदणीची मुदत सरत आली, सन्मान निधीचा हप्ता खात्यात पडला नाही. या निकडीला उत्तर देण्यासाठी २००४ च्या जानेवारीत केंद्र सरकारने किसान कॉल सेंटर उघडले, तेथे निदान पलीकडे माणूस बोलत असे. सप्टेंबर २०२३ मध्ये सन्मान निधीच्या शंकांसाठी ‘किसान ई-मित्र’ हे यंत्रपात्र आले आणि पुढे ते मराठीतही बोलू लागले. २०२५ च्या खरिपाच्या तोंडावर महाराष्ट्र शासनाच्या कृषी विभागाने ‘महाविस्तार’ हे मराठी संवादी ॲप लोकांपुढे ठेवले. पण त्याच फोनवर, त्याच सभ्य आणि समजूतदार स्वरात, बँकेचा साहेब बोलतो म्हणून ओटीपी मागणारा आवाजही येतो, आणि त्या आवाजाने खेड्यापाड्यांतून किती खाती धुऊन नेली हे सर्वांना ठाऊक आहे. तेव्हा धानाच्या मुलखातला शेतकरी यंत्राच्या आवाजाकडे संशयाने ऐकतो तो अडाणीपणाने नव्हे. त्याच्या संशयाला सबळ पुरावा आहे, आणि ज्याला विश्वासार्ह पात्र घडवायचे आहे त्याने तो संशय मोडून काढण्याची नव्हे तर त्याची रुजवात करून देण्याची तयारी ठेवली पाहिजे.

या शास्त्राचा आरंभ मात्र संशयाने झाला नाही, फाजील विश्वासाने झाला. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्या संस्थेतील जोसेफ वायझेनबाउम यांनी १९६६ साली ‘एलायझा’ नावाच्या आज्ञावलीचे वर्णन प्रसिद्ध केले. तिची युक्ती साधी होती: समोरच्याच्या वाक्यातला एखादा शब्द पकडायचा आणि त्याचेच वाक्य प्रश्नाच्या रूपात त्याच्याकडे परतवायचे. कोणी आईचा विषय काढला की यंत्र विचारी, घरातल्या माणसांविषयी आणखी सांगा. एवढ्या भांडवलावर तिने मनोवैद्याचे सोंग घेतले. आणि ती कशी घडते हे महिनोन्महिने डोळ्यांनी पाहिलेल्या वायझेनबाउम यांच्या कार्यालयातील सचिव बाईंनी, तिच्याशी दोन शब्द बोलून होताच, त्यांनाच खोलीबाहेर जायला सांगितले. या प्रसंगाने वायझेनबाउम इतके अस्वस्थ झाले की पुढे १९७६ साली त्यांनी संगणकाच्या मर्यादांवर स्वतंत्र ग्रंथच लिहिला. माझ्या मते या क्षेत्रातले मूळ सत्य त्या खोलीतच हाती लागले होते, आणि नंतरच्या पुष्कळशा संशोधनाने ते मागे टाकले: माणूस बोलणाऱ्या वस्तूवर विश्वास टाकायला फार उशीर लावत नाही, तो फार लवकर टाकतो, म्हणून विश्वास मिळवणे हे अवघड काम नाही, मिळालेल्या विश्वासाला उतरणे हे अवघड आहे.

पुढच्या काळात स्टॅनफर्ड येथील बायरन रीव्ह्ज आणि क्लिफर्ड नॅस यांनी १९९६ च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले की माणसे संगणकाशी वागताना नकळत माणसांमधलेच शिष्टाचार पाळतात, त्याच्या तोंडावर त्याच्याविषयी वाईट बोलायला कचरतात आणि स्तुतीने सुखावतात. त्याच सुमारास, १९९५ साली, मेयर, डेव्हिस आणि शूरमन या व्यवस्थापनशास्त्रज्ञांनी विश्वासाची तीन अंगे सांगितली, ती आजवर या विषयावरच्या बहुतेक लेखनाचा पाया होऊन राहिली आहेत: ज्याच्यावर विसंबायचे त्याची क्षमता, आपल्याविषयीची त्याची हितबुद्धी, आणि त्याची सचोटी. गावातली माणसे ही तिन्ही अंगे न शिकवता पारखतात. कृषी सेवा केंद्राच्या दुकानदाराला औषधांची जाण आहे, म्हणजे क्षमता आहे. पण आपल्या किडीला लागेल ते औषध तो देतो की ज्यावर जास्त नफा सुटतो ते, हा हितबुद्धीचा प्रश्न झाला. आणि मागच्या हंगामात दिलेले औषध लागू पडले नाही तेव्हा त्याने ते कबूल केले काय, हा सचोटीचा. संगणकी पात्रे घडवणाऱ्यांनी पहिल्या अंगाकडे बरेच आणि दुसऱ्याच्या केवळ दिखाव्याकडे अतोनात लक्ष दिले. तिसरे उपेक्षितच राहिले.

दुसऱ्या अंगाचा दिखावा म्हणतो तो कोणता? टिमथी बिकमोर आणि जस्टिन कॅसेल यांनी २००१ साली ‘रिया’ नावाच्या घरदलाल स्त्रीपात्रावर एक प्रयोग केला. ती कधी थेट किती खोल्या हव्यात म्हणून विचारी, तर कधी आधी हवापाण्याच्या गप्पा मारी. गप्पांमुळे बोलक्या स्वभावाच्या लोकांचा तिच्यावरचा विश्वास वाढला. अबोल स्वभावाच्या लोकांना त्याने काही फरक पडला नाही. आमच्याकडे कोणत्याही कामाला हात घालण्याआधी ‘जेवण झालं का?’ हा प्रश्न येतो, आणि तो न विचारता मुद्द्यावर येणारा माणूस गर्विष्ठ ठरतो. तेव्हा या प्रयोगाचा निष्कर्ष येथे अधिकच खरा ठरेल असे वाटू शकते. पण जो कधी जेवत नाही त्याने जेवणाची चौकशी करावी यात काही तरी खटकते. त्यापेक्षा बिकमोर यांचेच नंतरचे काम मला पुष्कळ थोर वाटते. बोस्टनच्या रुग्णालयात घरी निघालेल्या रोग्यांना औषधे आणि पथ्यपाणी समजावून देणारे एक परिचारिका-पात्र त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवले. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ज्यांना वाचनाची आणि वैद्यकाची जाण कमी होती अशा रोग्यांनीही त्या पात्राला मनापासून स्वीकारले, आणि त्याचे रोग्यांनी सांगितलेले एक कारण असे की ते घाई करत नव्हते, तेच तेच पुन्हा विचारले तरी त्रासत नव्हते. गप्पांचा गोडवा नव्हे, वेळ देण्याची तयारी ही तेथे हितबुद्धीची खूण ठरली. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या रांगेत ज्यांनी दिवस घालवले आहेत त्यांना हे कळायला संशोधनाची गरज नाही.

चेहऱ्याच्या प्रश्नावर फार वेळ घालवण्याचे कारण नाही. जपानी यंत्रज्ञ मासाहिरो मोरी यांनी १९७० सालीच लिहून ठेवले की यंत्राची आकृती माणसासारखी होत जाते तसतशी ती आवडत जाते, पण जवळजवळ माणूसच वाटू लागली की एका टप्प्यावर ती एकाएकी अंगावर काटा आणते. मराठी प्रेक्षकाला हे उमजावे म्हणून तात्या विंचूचे नाव काढले तरी पुरे. १९९३ च्या ‘झपाटलेला’ चित्रपटातली ती बाहुली भीतिदायक होते ती तिच्या पाठीमागचा हात नाहीसा होतो म्हणून. डीडी किसान वाहिनीने मे २०२४ मध्ये ‘क्रिश’ आणि ‘भूमी’ हे दोन यांत्रिक निवेदक पडद्यावर आणले आणि ते पन्नास भाषांत बोलू शकतात असे जाहीर केले. ते दिसायला नीटनेटके आहेत. पण ते वाचतात, ऐकत नाहीत, आणि ज्याला ऐकता येत नाही त्याच्यावर विश्वास ठेवण्याचा प्रश्न मुळात उद्भवतच नाही.

ऐकणे हाच खरा विषय आहे, आणि त्याचा सर्वांत बोधप्रद दाखला परदेशी प्रयोगशाळेत नाही, तो पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या तत्कालीन पाच जिल्ह्यांत आहे. १९५६ साली आकाशवाणीने युनेस्कोच्या साहाय्याने या जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत शेतकऱ्यांची श्रोतृमंडळे स्थापन केली. दहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, अर्ध्या तासाचा कार्यक्रम. गावातली वीसेक माणसे एकत्र बसून तो ऐकत, नंतर त्यावर चर्चा करत, आणि त्यांच्या शंका व त्यांचे निर्णय टिपून आकाशवाणीकडे पाठवले जात. त्या शंकांची उत्तरे पुढच्या कार्यक्रमात येत. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने पॉल न्यूराथ यांच्या मार्गदर्शनाखाली या प्रयोगाचे मूल्यमापन केले, त्यासाठी श्रोतृमंडळे नसलेली गावेही तुलनेला घेतली, आणि १९५९ साली युनेस्कोने त्याचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. मंडळे असलेल्या गावांत ज्ञानाची जी वाढ दिसली तिच्यापुढे नुसता रेडिओ असलेल्या गावांतली वाढ अगदी किरकोळ होती.

आवाज तोच होता, माहिती तीच होती. मग फरक कशाने पडला? दोन गोष्टींनी, असे मला वाटते. पहिली, ऐकणारा एकटा नव्हता. शेजाऱ्याने ‘हे आपल्या काळ्या जमिनीत चालायचं नाही’ असे म्हणताच सल्ल्याची तेथल्या तेथे पारख होत होती, आणि त्या पारखीतून जे उरे त्यावर सगळ्यांचा भरवसा बसे. दुसरी, आवाजाला उत्तर देता येत होते. मुंबई-पुण्याचा तो आवाज पुढच्या खेपेस त्यांच्या शंकेचा उल्लेख करून बोले, म्हणजे त्याने ऐकले असल्याचा दाखला मिळे. आजची संवादी पात्रे दुसरी गोष्ट क्षणार्धात करतात, आणि पहिली अजिबात करत नाहीत. ती माणसाला एकट्याने गाठतात. एकट्या माणसाला एकट्याच्या फोनवर दिलेला सल्ला पारखणारे तेथे कोणी नसते, आणि धानाच्या बाबतीत तर हे फारच घातक आहे, कारण एका बांधीतले पाणी आणि कीड दुसऱ्या बांधीत जायला धुऱ्यापलीकडे अडथळा नसतो.

या दृष्टीने ‘डॉक्टर अनिता’ या पात्राकडे पाहावे. बीबीसी मीडिया ॲक्शन या संस्थेने बिहारमध्ये गरोदर स्त्रिया आणि बाळंतिणी यांच्यासाठी हे काल्पनिक डॉक्टरीण बाईंचे पात्र घडवले. २०१२ पासून आशा कार्यकर्त्यांच्या हाती चित्रांच्या पत्त्यांचा एक संच असे, प्रत्येक पत्त्यावर एक क्रमांक, आणि तो फिरवला की फोनवर डॉक्टर अनिता त्या विषयावर बोलत. आशाताई आणि घरातली सून, बहुधा सासूही, एकत्र ऐकत. पुढे याच पात्राच्या आवाजात ‘किलकारी’ ही साप्ताहिक संदेशसेवा निघाली, २०१९ पासून ती मुंबईच्या ‘अरमान’ या संस्थेकडे आली आणि यथावकाश महाराष्ट्रातही पोचली; डॉ. अपर्णा हेगडे यांनी २००८ साली स्थापन केलेल्या याच संस्थेची ‘एम-मित्र’ ही सेवा त्याआधीपासून मुंबईच्या वस्त्यांत चालू होती. डॉक्टर अनिता यांच्या घडणीत माझ्या मते खरी बुद्धी कोठे असेल तर ती पत्त्याच्या त्या संचात: दूरच्या डॉक्टरचा अधिकार आशाताईच्या सल्ल्याला मिळतो आणि आशाताईची ओळख त्या दूरच्या आवाजाला जामीन राहते. विश्वास आधी आशाताईवर असतो. पात्र त्या विश्वासावर हातउसने घेते आणि ते फेडण्याची जबाबदारीही पत्करते.

येथे कोणी असा आक्षेप घेईल की डॉक्टर अनिता अस्तित्वातच नाहीत, तेव्हा त्यांच्यावर विश्वास ठेवायला लावणे ही फसवणूक नव्हे काय? या आक्षेपाला उत्तर आमच्या मुलखातच आहे. लाखांदूरहून वैनगंगा ओलांडली की वडसा, म्हणजे देसाईगंज, झाडीपट्टी रंगभूमीच्या मंडळ्यांचे माहेरघर. दिवाळीनंतर गावोगाव नाटके लागतात, पूर्वी दिवसा शंकरपट आणि रात्री नाटक असा बेत असे, आणि हजारो माणसे पहाटेपर्यंत थंडीत बसून रडतात आणि हसतात. आपण पाहतो आहोत तो नट आहे हे त्यांतल्या प्रत्येकाला ठाऊक असते; त्याने त्यांच्या अश्रूंत काही कमी पडत नाही. यशवंत केशव पाध्ये यांनी शब्दभ्रमाच्या कलेत अर्धवटराव जन्माला घातला आणि रामदास पाध्ये यांनी तो पुढे चालवला, तेव्हाही बोलवणारा माणूस बाहुलीला मांडीवर घेऊन प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत बसलेला असे. आणि तरीही प्रेक्षक बोलत अर्धवटरावाशीच. पात्रावर जीव जडायला ते पात्र नसल्याचा बहाणा करावा लागत नाही. ज्या परंपरेत सूत्रधार नांदीच्या वेळीच रंगमंचावर येऊन नाटकाची ओळख करून देई, त्या परंपरेला तरी हे सांगायला नको. यंत्राने आपण यंत्र आहोत हे उघड सांगावे असा आग्रह युरोपीय संघाच्या २०२४ च्या कायद्याने धरला आहे. आमच्या रंगभूमीला तो संकेत फार जुना आहे. आजच्या संवादी पात्रांना कमी आहे ती सूत्रधाराची: हे कोणाचे नाटक, कोणी लिहिले, कोणाच्या खर्चाने लागले, हे आरंभीच सांगणाऱ्या माणसाची.

आता भाषेकडे वळतो, आणि येथे थोडे रेंगाळणार आहे. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूर या भागांत जी झाडीबोली बोलली जाते तिच्यात ण आणि ळ हे वर्ण नाहीत. पाणी ते पानी आणि डोळा तो डोरा. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी या बोलीच्या अभ्यासाला आणि तिच्या साहित्याला आपले आयुष्य वाहिले, म्हणूनच आज ती लिखित स्वरूपात निदान सापडते. परंतु यंत्राला मराठी शिकवली जाते ती मुख्यतः छापील आणि वृत्तपत्री मराठीवरून. पुण्याच्या ‘एल३क्यूब’ गटाने मराठीसाठी जे भाषासंग्रह आणि भाषाप्रतिमाने उभी केली, किंवा भारत सरकारच्या ‘भाषिणी’ प्रकल्पात जे काम चालले आहे, त्यांचे मोल मी कमी लेखत नाही; शेतमालाचे बाजारभाव बोलून विचारता यावेत यासाठी मागच्या दशकाच्या आरंभी मुंबईच्या आयआयटी आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेने महाराष्ट्रभरच्या शेतकऱ्यांचे आवाज गोळा केले होते, तेही आदराने स्मरण्यासारखे काम आहे. तरी बोलीचा प्रश्न उच्चारापुरता नसतो.

एक उदाहरण घ्या. कापून बांधीत पसरलेल्या धानाला आमच्याकडे कडपा म्हणतात. धानाच्या पानावर ठिपके पाडणाऱ्या बुरशीच्या रोगाला करपा म्हणतात, हा शब्द कृषी विभागाच्या प्रत्येक पत्रकात आहे. कडपा बहुधा एकाही पत्रकात नसावा. कार्तिकात अवकाळी पाऊस पडतो आणि एखादा शेतकरी फोनला विचारतो, ‘कडपा पान्यात भिजल्या, आता काय करू?’ छापील मराठीवर वाढलेले यंत्र करपा ऐकणार, आणि अत्यंत नम्रपणे, शुद्ध मराठीत, प्रमाणासहित बुरशीनाशक सांगणार, तेही कापून पडलेल्या धानावर. त्या शेतकऱ्याला हवे होते ते वेगळेच: धान धुऱ्यावर काढून उलटे-पालटे करून वाळवावे काय, पंचनाम्यासाठी तलाठ्याकडे केव्हा जावे, लोंबीला कोंब फुटले तर केंद्रावर माल घेतील काय. एवढ्या एका चुकीने जो विश्वास उडेल तो दहा बरोबर उत्तरांनी परत येणार नाही, आणि येऊ नये असेच मी म्हणेन, कारण ज्याला आपला शब्द कळला नाही आणि तो कळला नाही हेही कळले नाही, त्याच्या बरोबर उत्तरांचाही भरवसा काय धरावा? विश्वासार्ह पात्राने अशा वेळी थांबून विचारले पाहिजे: ‘कडपा म्हणजे कापलेलं धान म्हणता, की पानावरचा रोग?’ सबंध रचनाशास्त्रातला सर्वांत मोलाचा प्रश्न हाच आहे.

मराठीने पात्र घडवणाऱ्यापुढे आणखी एक पेच टाकला आहे, तो इंग्रजीत लिहिणाऱ्यांच्या ध्यानातही येत नाही. मराठीत ‘मी सांगतो’ म्हणावे लागते नाही तर ‘मी सांगते’. पहिल्याच वाक्यात पात्राला स्त्री वा पुरुष व्हावे लागते. दोन्ही टाळून ‘सांगण्यात येते’ म्हटले की परिपत्रक बोलू लागते, आणि परिपत्रकाशी कोणी गप्पा मारत नाही. युनेस्कोने २०१९ च्या एका अहवालात आज्ञाधारक यंत्रांना सर्रास बाईचा आवाज देण्याच्या प्रथेवर टीका केली. ती मराठीत दुपटीने लागू पडते, कारण आमच्याकडे आवाज बदलला तरी क्रियापद लिंग सांगून जाते. माझा कौल असा की शेतीचे पात्र बाईचे असायला हरकत नाही, उलट ते योग्यच, कारण रोवणी बायाच करतात. मात्र ते हुकूम झेलणारे नसावे, रोवणीच्या तांड्यातल्या जाणत्या बाईसारखे, प्रसंगी ‘असं करू नका भाऊ’ असे ठणकावणारे असावे. त्याने ‘तुम्ही’ म्हणावे. ‘आपण’ कचेरीचे वाटते आणि ‘तू’ म्हणण्याइतकी त्याची ओळख झालेली नसते.

नव्या भाषाप्रतिमानांनी या पात्रांना जे अस्खलितपण दिले त्याने प्रश्न सुटण्याऐवजी अधिक गहन झाला. एलायझा फार बोलू शकत नव्हती, म्हणून फार चुकूही शकत नव्हती. आजचे प्रतिमान प्रचंड मजकुरावरून पुढचा संभाव्य शब्द निवडत जाते आणि खरे-खोटे दोन्ही सारख्याच सफाईने बोलते. माणसाच्या बाबतीत चाचरणे ही अज्ञानाची खूण असते, आपले कान पिढ्यान्‌पिढ्या तिच्यावर विसंबत आले आहेत. ती खूण यंत्राने पुसून टाकली. जॉन ली आणि कॅट्रिना सी यांनी २००४ साली स्वयंचलित यंत्रांविषयी लिहिताना असे प्रतिपादन केले की रचनाकाराचे उद्दिष्ट अधिक विश्वास हे नसावे, यथायोग्य विश्वास हे असावे: यंत्र जेथे समर्थ आहे तेथे माणसाने विसंबावे, जेथे नाही तेथे हात आखडता घ्यावा. या विषयावर मी जे काही वाचले त्यात हा निबंध मला सर्वांत शहाणा वाटतो, आणि ओनोरा ओनील या तत्त्ववेत्त्या बाईंनी २००२ च्या बीबीसीवरील आपल्या व्याख्यानमालेत विश्वासाच्या प्रश्नाची जी मीमांसा केली तिच्याशी तो जुळतो.

यथायोग्य विश्वासाची परीक्षा आमच्या भागात कशी होते ते विम्याच्या एका गोष्टीवरून दिसेल. २०२३ च्या खरिपापासून महाराष्ट्रात एक रुपयात पीकविमा मिळत असे, आणि कापलेले धान पावसाने भिजले तर बहात्तर तासांच्या आत कळवावे लागे. जो सांगे तो हेच सांगे, आणि ते बरोबर होते. २०२५ च्या खरिपात ती योजना बंद झाली, नव्या रचनेतून काढणीनंतरच्या नुकसानीचे स्वतंत्र संरक्षण वगळले गेले. आदल्या वर्षाच्या मजकुरावर वाढलेले यंत्र कार्तिकातल्या त्या शेतकऱ्याला बहात्तर तासांची धावपळ करायला लावील, आणि ती फुकट जाईल. तेव्हा पात्राने नुसते उत्तर न देता ‘हे अमुक तारखेच्या शासननिर्णयावरून सांगते’ असे म्हणणे ही शोभेची गोष्ट नाही. आणि औषधाच्या बाबतीत तर जिवाशीच गाठ आहे. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. कोणते औषध कशात मिसळावे आणि तोंडाला काय बांधावे हे कोणी जबाबदारीने न सांगण्याची ती किंमत होती. अशा विदर्भात फवारणीचे प्रमाण सांगणाऱ्या पात्राला ‘हे मला ठाऊक नाही, कृषी सहायकांना विचारा, साकोलीच्या संशोधन केंद्राला विचारा’ असे म्हणण्याची लाज वाटता कामा नये. उलट त्याने ते किती वेळा म्हटले यावरून त्याची किंमत ठरावी.

या सगळ्यात एक अडचण आहे आणि ती मी लपवू इच्छित नाही. सूत्रधार समोर असावा, पात्राच्या मागचा माणूस दिसावा असे मी वर म्हटले. परंतु २०१४ साली गेल लूकस, जोनाथन ग्रॅच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका आभासी मुलाखतकार पात्रावर केलेल्या अभ्यासात असे आढळले की हे पात्र केवळ संगणक चालवतो असे ज्यांना सांगितले होते ते लोक, मागे माणूस आहे असे सांगितलेल्यांपेक्षा, आपल्या मनातले अधिक मोकळेपणाने बोलले. लहान गावात हे किती खरे आहे हे सांगायला नको. पाळीविषयी, गर्भाविषयी, नवऱ्याच्या दारूविषयी किंवा सावकाराच्या कर्जाविषयी जे ओळखीच्या आशाताईलाही सांगवत नाही ते यंत्राला सांगता येईल. मागे माणूस बसला आहे असे कळताच ओठ मिटतील. यावर सोपे उत्तर नाही. उत्तर देण्याची जबाबदारी घेणारा माणूस आणि चोरून ऐकणारा माणूस हे दोन वेगळे असले पाहिजेत, आणि बोललेले कोठे साठते, किती दिवस राहते, कोणाच्या नजरेस पडते, हे पात्राने विचारल्याबरोबर सांगितले पाहिजे, एवढे म्हणता येते. २०२३ च्या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणविषयक केंद्रीय कायद्याने संमतीचे तत्त्व मांडले. पण पडद्यावर बोट ठेवून ‘मान्य’ म्हणणे म्हणजे संमती नव्हे, हे ज्याने न वाचता कागदावर अंगठा उठवलेली माणसे पाहिली आहेत त्याला कळते.

राहिली सचोटी, म्हणजे चूक झाल्यावर काय. २०२४ च्या फेब्रुवारीत कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या एका न्यायाधिकरणापुढे असे प्रकरण आले की एअर कॅनडा या विमान कंपनीच्या संकेतस्थळावरील संवादी पात्राने एका प्रवाशाला सवलतीविषयी चुकीची माहिती दिली. कंपनीच्या बचावाचा एक मुद्दा असा की ते पात्र स्वतंत्र असून आपल्या बोलण्याला तेच जबाबदार आहे. न्यायाधिकरणाने तो मुद्दा फेटाळला आणि भरपाई द्यायला लावली. हा निवाडा रकमेने लहान, पण तत्त्वाने मोठा आहे: पात्राच्या तोंडून जे बोलले गेले ते धन्याचे बोलणे. आमच्याकडे हे तत्त्व उतरवायचे तर यंत्राने दिलेल्या प्रत्येक सल्ल्याला क्रमांक असावा, तारीख असावी, आणि तो क्रमांक घेऊन तालुक्याच्या कृषी कार्यालयात गेले असता दप्तरात त्याची नोंद निघावी. महसुलाच्या कारभाराविषयी लोकांच्या कितीही तक्रारी असोत, सातबाऱ्यावर आणि फेरफाराच्या नोंदीवर लोक जो भरवसा ठेवतात तो तलाठ्याच्या गोड बोलण्यामुळे नसतो. कागद पुन्हा काढून दाखवता येतो आणि त्याविरुद्ध अपील करता येते, यामुळे असतो. ज्या सल्ल्याविरुद्ध अपील नाही त्याला सल्ला न म्हणता अफवा म्हटलेले बरे.

या पात्रांचे कान घडवण्याचे काम मात्र अजून व्हायचे आहे, आणि ते कचेरीत बसून होणार नाही. फोन बहुधा घरातल्या पुरुषाच्या खिशात असतो. रोवणी, निंदण, कापणी, कडपा गोळा करणे ही कामे बायांच्या अंगावर असतात, आणि धानाला काय होते आहे हे त्यांना आधी दिसते. ज्याला दिघोरीच्या बांधीवर बोलणारे पात्र घडवायचे आहे त्याने आषाढात येथे यावे, पऱ्ह्यांच्या जुड्या पोचवताना आणि गुडघाभर चिखलात ओणवे होऊन रोवताना त्या बाया कीड, पाणी, मजुरी आणि आभाळ यांविषयी जे बोलतात ते त्यांच्या परवानगीने आणि त्यांना दिवसाची मजुरी देऊन टिपून घ्यावे, आणि संध्याकाळी ते त्यांनाच वाचून दाखवावे, म्हणजे कोठे ऐकण्यात चूक झाली ते त्या सांगतील.